पावसाची सुटी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले म्हणजे विषयही तसाच भारदस्त असावा, अशी आपली समजूत असते. माझ्याजवळ तसा विषय नाही. मी नोकरी करणारी, दोन मुलांची आई, एका वृद्ध सासूबाईंची सून आणि ठाण्याहून मुंबईला रोज गाडीने जाणारी बाई आहे. म्हणून मला जे ठाऊक आहे तेच सांगते. गेल्या आषाढातल्या एका आठवड्याची, म्हणजे सोमवार ते रविवार अशा सात दिवसांच्या पावसाची ही हकीकत आहे. त्यातून मला जे दिसले ते तुमच्यापुढे ठेवते. पटले तर घ्या, न पटले तर चहाच्या वेळी माझ्याशी भांडा.

आपल्या भागातला पाऊस काही नवीन नाही. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नव्हता. एकाच शहरात एकीकडे माणसे गळ्याइतक्या पाण्यातून वाट काढत होती आणि दुसरीकडे छत्रीवर काम भागत होते. मुंबईची पावसाळी पाण्याची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस, आणि तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेतील अशा बेताने बांधलेली. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ साली अहवाल आला आणि ही क्षमता दुप्पट करण्याचे ठरले. कामे झाली, पंप बसले. तरी मोठी भरती आणि मुसळधार पाऊस यांची गाठ पडली, की समुद्र पाणी घेत नाही आणि ते आपल्या दारात उभे राहते. हे सारे वर्तमानपत्रांत येते. पण दार लावल्यावर घरात काय होते, ते कोठेच येत नाही. मी त्याविषयी बोलणार आहे.

सोमवारी पावसाने धार धरली. पहिला प्रश्न उभा राहिला तो कपड्यांचा. तुम्ही हसता आहात, म्हणजे तुमच्याकडेही तेच! हवेतच इतका ओलावा असतो की कपड्यातले पाणी जायला जागाच उरत नाही. मग कपडे दांडीवर, खुर्च्यांच्या पाठींवर, दारांवर आणि शेवटी देवघराच्या खुंटीवरसुद्धा. कोरड्या दिवशी कपडे वाळत घालणे हे एक काम असते. पावसात त्याची पाच कामे होतात: पिळून पुन्हा पिळणे, पंख्याखाली आणणे, उलटणे, इस्त्री फिरवणे आणि तरीही वास येतो म्हणून परत धुणे. मिठाला पाणी सुटते, तर बरणीत तांदळाचे दाणे टाका. रव्यात अळ्या होतात, तर भाजून ठेवा. पापड मऊ पडतात. उंबऱ्यात पायपुसणे ठेवले तर ते तासाभरात चिंब होते आणि दुसरे ठेवावे लागते. यातले एकही काम मोठे नाही. म्हणूनच ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. पण कोणी तरी ती करावीच लागतात आणि ते 'कोणी तरी' कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

मंगळवारी मी कचेरीत गेले. सकाळी गाड्या चालू होत्या, म्हणून न जाण्याला सबब नव्हती. दुपारी शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये रुळांवर पाणी आले आणि मध्य रेल्वे थांबली. आमच्या साहेबांनी चार वाजता सर्वांना घरी जायला सांगितले. गाड्या बंद असताना सोडलेल्या माणसाने जायचे कसे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. मी दादरपर्यंत बसने आणि तेथून काही अंतर पायी गेले. मग एका अनोळखी कुटुंबाने आम्हा चौघींना आपल्या मोटारीत घेतले. अशा वेळी मुंबईची माणसे धावून येतात, हे मला सांगितलेच पाहिजे. २९ ऑगस्ट २०१७ रोजी ऐन गणपतीच्या दिवसांत शहर बुडाले, तेव्हाही लोकांनी आपली घरे आणि देवस्थाने यांची दारे अडकलेल्यांसाठी उघडली होती. त्या मोटारीत आम्ही चौघी होतो. चौघींच्याही हातात फोन आणि चौघींच्याही तोंडी एकच वाक्य: "कुकर लावून ठेव, डाळ डब्यात आहे, वरच्या फळीवर." त्या चाललेल्या मोटारीतून चार स्वयंपाकघरे चालवली जात होती. रात्री साडेदहाला मी घरी पोचले. ह्यांनी मुगाची खिचडी केली होती. चांगली झाली होती. थोडी खारट होती, पण मी काही बोलले नाही.

बुधवारी सरकारने शाळा-महाविद्यालयांना सुटी दिली आणि आमच्या कचेरीने घरून काम करायला सांगितले. २०२० च्या टाळेबंदीपासून ही सोय बऱ्याच ठिकाणी रुळली आहे आणि ती चांगलीच आहे. जीव धोक्यात घालून प्रवास करण्यापेक्षा घरी बसून काम केलेले केव्हाही बरे. पण भगिनींनो, घरून काम करणाऱ्या पुरुषाच्या खोलीचे दार लोटलेले असते आणि सगळे घर म्हणते, "हळू बोला, बाबा कामात आहेत." घरून काम करणाऱ्या बाईचे टेबल स्वयंपाकघराच्या ओट्यापासून तीन हातांवर असते. कचेरीला वाटते, ही आपल्या कामावर हजर आहे. घराला वाटते, आज ही घरी आहे. दोघांचेही खरे असते आणि बाई मात्र एकच असते. त्या दिवशी मी बैठकीत साहेबांना आकडे सांगत होते आणि मागे सासूबाई खुणेने विचारत होत्या, भजी करायची का? पावसाची सुटी असल्यामुळे सर्वांना भज्यांची आठवण झाली होती. भजी तळायला कोण उभे राहणार, याची मात्र कोणालाच झाली नव्हती.

त्याच दिवशी माझ्या मुलीने एक गंमत केली. ती महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकते. तिने सकाळपासून एका कागदावर घरातली कामे आणि ती करणाऱ्यांची नावे टिपली आणि रात्री जेवताना सर्वांना वाचून दाखवली. दिवसभरात एकवीस कामे झाली होती. तेरा माझ्या नावावर, चार सासूबाईंच्या, तीन तिच्या स्वतःच्या आणि एक ह्यांच्या. ते काम म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून मेणबत्त्या आणणे. आमच्या नववीतल्या चिरंजीवांच्या नावापुढे भोपळा होता. ते म्हणाले, "मला कोणी सांगितलंच नाही!" त्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आईला कोण सांगतं रे?"

सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचे लग्न झाले तेव्हा त्या गिरगावच्या चाळीत नऊ माणसांच्या घरात आल्या. पावसात शेगडीचे कोळसे ओले व्हायचे, रॉकेलच्या स्टोव्हवर आंघोळीचे पाणी तापवायचे, नळ मजल्यावर एकच. मी त्यांना विचारले, "तुम्ही हे सगळं कसं केलंत?" त्या म्हणाल्या, "केलं. पण तेव्हा कोणी मोजलं नाही म्हणून काम नव्हतं असं समजू नकोस. माझी कंबर अजून मोजते आहे."

आमच्या घरातला हा कागद म्हणजे काही जगावेगळा नव्हे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय असे काम करणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या आणि पुरुष शंभरात २६. पाच वर्षांनी, २०२४ साली, पुन्हा पाहणी झाली. तेव्हाचे आकडे २८९ आणि ८८. बायकांची दहा मिनिटे कमी झाली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांचीही नऊ कमी झालेली! या सरासरीत ऊनही आहे आणि पाऊसही. पावसाच्या आठवड्याचा वेगळा आकडा मी पाहिलेला नाही, पण तो आपल्या दांडीवरच्या कपड्यांनी आपल्याला सांगितलेला आहे.

आता गुरुवार. या दिवसाविषयी बोलावे म्हणूनच मी आज येथे उभी राहिले आहे.

आमच्याकडे धुणेभांड्यांना एक मावशी येतात. त्या नाल्याकाठच्या वस्तीत राहतात. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस त्या आल्या नाहीत. त्यांच्या खोलीत पाणी शिरले होते. धान्याचे डबे आणि मुलाची पुस्तके माळ्यावर ठेवून त्या शेजारणीसह रात्रभर जाग्या राहिल्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी आमच्या इमारतीतल्या बायकांच्या फोनवरच्या गटात विषय निघाला, की तीन दिवसांचा पगार कापायचा की नाही. एकीने लिहिले, सुट्या आधीच जास्त झाल्या आहेत, कापायला हवा. ही बाई मनाने वाईट नाही. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, स्वतःची नोकरी आहे, आणि ते तीन दिवस तिने अंगावर काढले होते. तिचा त्रास खरा होता. दुसरीने लिहिले, आपण कापला नाही तर उद्या सवय लागेल. तिसरीने फक्त हात जोडल्याचे चित्र पाठवले. ते कोणत्या बाजूने होते, ते अजून कळलेले नाही.

मी एवढेच लिहिले: "बुधवारी आपल्यापैकी किती जणींचा पगार कापला गेला?"

उत्तर आले नाही, कारण कोणाचाच कापला गेला नव्हता. पाऊस आपल्याला अडवतो तेव्हा ती आपत्ती असते आणि सरकार सुटी जाहीर करते. तोच पाऊस, त्याच दिवशी, त्याच गावात मावशींना अडवतो तेव्हा ती दांडी होते. हे कसे? त्या घरी बसून भजी खात नव्हत्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घरातला गाळ काढत होत्या.

आपल्या राज्यात घरकामगारांसाठी २००८ सालचा कल्याण मंडळाचा कायदा आहे. नोंदणी आणि कल्याणकारी मदत यांची तरतूद त्यात केलेली आहे. पण पाणी तुंबलेल्या दिवशी बाईचा पगार कापायचा की नाही, हे तुमच्याआमच्या स्वयंपाकघरातच ठरते. म्हणजे ते आपल्या हातात आहे. घरातल्या पुरुषांनी आपले काम मोजावे, असे आपण म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण आपले काम हलके करणाऱ्या बाईचे काम आपणही तितक्याच खरेपणाने मोजले पाहिजे. हिशेब मागणाऱ्याने हिशेब द्यायलाही तयार असावे.

त्याच सकाळी बाजारात एक ठाकरवाडीची बाई बसली होती. डोक्यावर प्लास्टिकचा कागद आणि पुढ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी आणि थोडी कंटोळी. शहापूरकडून पहाटेच्या गाडीने आली होती. मी म्हटले, "अगं, एवढ्या पावसात?" ती म्हणाली, "पावसात नाय यायचं तर कवा? ही भाजी पावसातच येती." तिचा तर हंगामच हा. तिला पावसाची सुटी दिली तर तिची चूल बंद होईल. म्हणून तिच्याबाबतीत निराळा न्याय हवा. निदान त्या दिवशी तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये.

शुक्रवारी मावशी आल्या, पण अंगात कणकण घेऊन. गाळ काढताना पायाला पत्रा लागला होता. त्यावर त्यांनी हळद दाबली होती. मी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "साचलेल्या पाण्यातून चाललात का?" हे तुम्ही सर्वांनी लक्षात ठेवा, कारण ते जिवावरचे आहे. उंदीर-घुशींच्या आणि जनावरांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून, अगदी चिरेतूनही, शरीरात जातात. त्या रोगाला लेप्टोस्पायरोसिस म्हणतात. सुरुवातीला नुसता ताप आणि अंगदुखी असते, पण दुर्लक्ष झाले तर मूत्रपिंडे आणि यकृत यांवर जाते. म्हणून तुंबलेल्या पाण्यातून जावे लागले तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी दिल्यास प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात. स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण गरोदर बाई आणि लहान मुले यांचे औषध निराळे असते. मावशींचे रक्त तपासले, गोळ्या चालू झाल्या आणि सुदैवाने तेवढ्यावरच निभावले. परतताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, "ताई, आज भांडी तशीच राहिली ना?" मी म्हटले, "राहू देत. घरात चार माणसं आहेत."

आणि त्या संध्याकाळी खरोखरच चिरंजीवांनी भांडी घासली. दोन बश्यांना साबण तसाच होता. पण त्याने घासली. ह्यांनी शनिवारी कपड्यांचा ताबा घेतला आणि दोऱ्या पंख्याखाली अशा बांधल्या की खोलीतून वाकून जावे लागले, पण कपडे वाळले! घरातली माणसे काम करायला नाखूश असतात असे नाही. पुष्कळदा ते काम आहे, हेच त्यांना दिसत नाही. पावसाने ते दिसण्याइतके मोठे केले, एवढाच त्याचा उपकार.

रविवारी पाऊस ओसरला आणि दिव्याची अवसही त्याच दिवशी आली. सासूबाईंनी समया आणि निरांजने काढली. ती घासायला मुलगा आणि मुलगी दोघेही बसली. कणकेचे गोड दिवे झाले. त्या दिवशी आम्ही आणखी एक काम केले. घरात आणि गच्चीवर साचलेले पाणी शोधून ओतून टाकले. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सारे कोरडे केले तर त्याची वाढ तुटते. कुंड्यांखालच्या बश्या, फ्रिजच्या मागचा तबक, गच्चीवरची ताडपत्री आणि करवंट्या एवढे पाहायला अर्धा तास पुरतो. आमच्याकडे हे काम आता ह्यांच्या नावावर कायमचे लिहिलेले आहे.

भगिनींनो, नुसते बोलून मी खाली बसणार नाही. आपल्या मंडळापुढे तीन सूचना ठेवते.

पहिली सूचना अशी, की आपल्या सभासदांनी आपापसांत ठरवावे: ज्या दिवशी सरकार पावसामुळे सुटी जाहीर करील किंवा रेल्वे बंद पडेल, त्या दिवसाचा घरकामाच्या बाईचा पगार कापायचा नाही. त्याला ठराव नको, पैसा नको, कोणाची परवानगीही नको. पगाराच्या दिवशी फक्त आपला हात आखडू नये, एवढेच पुरे.

दुसरी सूचना. पावसाळ्याच्या तोंडी मंडळाने एक यादी करावी. कोणाच्या घरी एकटी म्हातारी माणसे आहेत, कोणाचे औषध रोजचे आहे, कोणाच्या घरी रात्री अडकलेल्या बाईला उतरता येईल, हे त्यात असावे. माझ्या मोटारीतल्या त्या तिघींना त्या रात्री एकच काळजी होती, घरी म्हातारे माणूस किंवा लहान मूल एकटे आहे. शेजारच्या इमारतीत आपली एक सभासद आहे, हे ठाऊक असते तर निम्मी काळजी तेथेच संपली असती.

तिसरी सूचना घरातली. पावसाच्या एका दिवशी, फक्त एका दिवशी, माझ्या मुलीसारखा कागद आपापल्या घरी करून पाहावा. भांडण करण्यासाठी नव्हे. रात्री जेवताना तो हसत हसत वाचावा आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने त्यातले एक काम आपले म्हणून उचलावे. मुलग्यांनाही द्यावे, आणि त्यांनी वाईट केले तरी परत हिसकावून घेऊ नये. साबण राहिलेल्या बश्या पुन्हा धुता येतात.

आमच्या मावशींना त्या महिन्याचा पगार आमच्या मजल्यावरच्या चारही घरांनी पूर्ण दिला. कापायचा म्हणणाऱ्या शेजारणीनेही दिला, आणि वर मुलाच्या भिजलेल्या वह्यांचे पैसेही दिले. त्यावर कोणी गटात काही लिहिले नाही, आणि लिहायची गरजही नव्हती.

पाऊस पुढल्या वर्षीही येणार आहे आणि तो यायलाच हवा, कारण त्यावर आपली तळी आणि शेते भरायची आहेत. त्याने दिलेली सुटी मात्र घरातल्या सर्वांच्या आणि घरी कामाला येणाऱ्यांच्याही वाट्याला थोडी थोडी यावी, एवढे आपण जुळवून आणले तर मंडळाच्या कामात एका चांगल्या कामाची भर पडेल.